काळ्या कोटाची मागची बाजू

३ फेब्रुवारी
धुकं निवळलं : सव्वाअकरा.

हे असं रोज लिहायचं, असा डॉक्टरीणबाईंचा हुकूम. सकाळी उठल्यावर उजव्या डोळ्यापुढे धुकं असतं, ते किती वाजता निवळतं ते लिहून आणा म्हणाल्या. मी रफू करणारी बाई. माझी आणि वहीची गाठ शाळा सुटली तेव्हाच सुटली. पण ह्यांनी त्याच दिवशी ही जाडजूड वही आणली. हे म्हणजे माझा नवरा. तीस वर्षं बस चालवली, आता निवृत्त झालेत आणि माझ्या डोळ्याचे कंडक्टर झालेत. थेंब घातले का, चष्मा पुसला का, पायरी आहे जपून.

आता एवढी वही आहे तर नुसती वेळ कशाला लिहू? राग पण लिहिते. त्याला धुकं लागत नाही.

डावा डोळा लहानपणापासूनच आळशी. पोटाला घातलं ते उजव्यानं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या कोटांची, शालींची, पँटींची भोकं अशी बुजवली की मालकालाही सापडू नयेत. आणि आता हा घरचा कर्ता डोळा सकाळी अकरापर्यंत झोपून राहतो.

त्यामुळे दुकान धाकटी उघडते. धाकटी म्हणजे माझी जाऊ. दीर गेले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून माझ्या हाताखाली आहे. हात बरा आहे, पण धीमी. आठ वाजता जाऊन बसते आणि मी अकराला पोचते तेव्हा पुढ्यात काही म्हणजे काही नवीन नसतं. दार लोटलेलं, दिवा लावलेला. आज विचारलंच, "तीन तास करतेस काय गं? सुयांना गोष्टी सांगतेस?"

"झाडलोट करत होते, ताई," म्हणाली.

एका खोलीची झाडलोट तीन तास! आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, दुसरं काय.

७ फेब्रुवारी
धुकं निवळलं : अकरा.

वकीलबाई आल्या होत्या. जुनं गिऱ्हाईक. त्यांची राखाडी शाल कपाटाच्या बिजागरीत अडकून फाटली. म्हणाल्या, "मागच्या वेळी काळा कोट ज्यांच्या हातून झाला ना, त्यांच्याच हातून होऊ दे. नवऱ्याशी पैज लावली होती मी, भोक कुठं होतं ते दाखव म्हणून. हरला."

मी म्हटलं, "हात तोच आहे. कुठं जातोय?"

मागे धाकटीच्या हातून कात्री पडली. नेमकी गिऱ्हाइकासमोर. मी तिला चांगलंच झापलं. कात्री पडली की धार जाते, हे नऊ वर्षांत शंभर वेळा सांगितलं असेल.

१६ फेब्रुवारी
धुकं निवळलं : साडेबारा. काल तर दोन.

आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंशी वाजलं. वय असेल चाळीस, मला काकू म्हणतात. मी काय हिच्या काकाशी लग्न केलंय?

त्यांनी कागदावर डोळा काढून समजावलं. डोळ्याच्या पुढे काचेसारखा पडदा असतो, कॉर्निया. त्याच्या आतल्या अंगाला पेशींचा एक थर असतो, तो दिवसरात्र पाणी उपसून पडदा कोरडा ठेवतो. माझ्या त्या पेशी मरत चालल्यात. रात्री डोळा मिटलेला, पाणी साचतं, सकाळी धुकं. दिवसा हवेनं सुकतं म्हणून दुपारी दिसतं. आता औषधानं भागणार नाही. कुणा गेलेल्या माणसानं दिलेल्या डोळ्यातला तो थर काढून माझ्या डोळ्यात बसवायचा. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.

इथपर्यंत ठीक. मग म्हणाल्या, "तुमच्या लेन्सलाही मोतीबिंदूची सुरुवात आहे. आत जातोच आहोत तर तोही काढून टाकू. एकाच खेपेत दोन्ही."

"सुरुवात म्हणजे किती?"

"थोडाच आहे. पण ह्या ऑपरेशननंतर आणि त्या थेंबांनंतर तो झपाट्यानं वाढतो. वर्षभरात परत यावं लागेल, आणि तेव्हा नव्या थराला पुन्हा धक्का."

"आणि एकदम केलं तर सगळं नीट होईल, असं लिहून देता?"

"लिहून कसं देणार? चष्म्याचा नंबर नेमका येईलच असं नाही. पडदा सुजलेला असताना मापं चुकतात. आणि स्वतःची लेन्स गेली की जवळचं बघायला चष्मा लागू शकतो. काकू, वर्षअखेरीला दोन्ही वाटांची माणसं बहुतेक सारख्याच ठिकाणी पोचतात. वाट तेवढी वेगळी. तुमच्यासाठी मी एकदमची सुचवेन."

बहुतेक! माझं अख्खं काम जवळचं. आणि मोडलंय एक, हिला बदलायचीत दोन. मी म्हटलं, "बटण तुटलं म्हणून कुणी कोट बदलत नाही. माझ्या लेन्सला हात लावायचा नाही."

हे मध्ये बोलले, "अगं, जरा विचार कर. त्या म्हणतायत तर…"

"डोळा तुमचा आहे?"

डॉक्टरीणबाईंनी तेच सगळं पुन्हा एकदा सांगितलं, मग कागद पुढे सरकवला. मोतीबिंदूचं ऑपरेशन सुचवलं होतं, रुग्णानं नाकारलं. खाली सही. मी ठसठशीत केली.

२८ फेब्रुवारी

उताणी पडून लिहितेय. वही फळीला चिमट्यानं लावून ह्यांनी तोंडावर धरलीय. डाव्या डोळ्यानं जमेल तसं. ओळीवर ओळ चढत असेल तर चढू दे.

काल ऑपरेशन झालं. डोळ्यात हवेचा बुडबुडा सोडलाय, तो वर चढून नवा थर जागेवर दाबून धरतो. म्हणून तीन दिवस छताकडे तोंड. कुशीवर वळायचं नाही, उशी नाही, जेवण आणि मोरीपुरतं उठायचं. छतावर अकरा चिरा आहेत. एकही सरळ नाही. गवंड्याला बोलावून झापावंसं वाटतं.

शेजारच्या खाटेवर नकाशे काढणारे एक गृहस्थ आहेत. जमीनमोजणीच्या कचेरीत नोकरी. माझाच आजार, माझ्याच दिवशी ऑपरेशन. फरक एवढाच की त्यांनी दोन्ही एकदम करून घेतलं. डॉक्टर म्हणाल्या, ते हो म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही अगदीच गरीब गाय."

ते हसले. छताकडे बघत हसणारा माणूस फार बावळट दिसतो.

धाकटी डबा घेऊन आली होती. दुकान बंद ठेव म्हणून बजावलं होतं, तर म्हणते, आलेली कामं पुरी करते. मी म्हटलं, "माझ्या गिऱ्हाइकांच्या कामाला हात लावशील तर बघ." डबा ठेवला, माझे पाय दाबले, गेली.

कुणाचा असेल हा थर? कुणीच सांगत नाही, सांगायचं नसतं म्हणे. बाई असेल की पुरुष? ज्याचं कुणी गेलं त्यानं रडतारडता हो म्हटलं असेल. एवढ्या एका माणसावर मला रागावता येत नाही.

१२ मार्च
धुकं : नाही.

सकाळी सहाला जाग आली आणि समोरच्या भिंतीवरचा खिळा दिसला. किती वर्षांनी! ह्यांना उठवून खिळा दाखवला. म्हणाले, "आहे तो. मीच ठोकलाय."

पण दवाखान्यात मूड गेला. तक्त्यावर मी चौथ्या ओळीपर्यंत पोचले. नकाशेवाले सहाव्या. गरीब गाय सहाव्या! मी विचारलं, हे कसं? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांचा मोतीबिंदूही गेला ना, म्हणून. तुमच्या लेन्सचा थोडा गढूळपणा आहेच. शिवाय डोळा अजून निवतोय, घाई करू नका. सुई तीन महिने बंद.

तीन महिने! दुकानात गिऱ्हाईक आलं तर काय, नकाशेवाल्यांना बसवू?

२० जून

पुन्हा बसायला लागले. दिसतं, पण बारीक नाही. काळ्यावर काळा धागा म्हणजे अमावास्येला कावळा शोधायचा. तरी हाताला सवय आहे, हात आपलं आपलं करतो. आज एक पँट पुरी केली. धाकटीनं उचलली, दिव्याखाली धरली, म्हणाली, "छान झालीय, ताई. उद्या सकाळी मी इस्त्री करून ठेवते."

इस्त्रीचा हिला एवढा सोस कधीपासून लागला, कोण जाणे.

२४ ऑगस्ट

दिव्यांभोवती काटेरी गोल दिसतात. समोरून गाडी आली की सगळं पांढरं. धुकं नाही हे, हे वेगळंच. जणू कुणी तेलकट बोट फिरवलंय.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मोतीबिंदू वाढलाय. नवा थर अगदी छान आहे. आता लेन्स काढावी लागेल."

माझा पारा चढला. म्हटलं, "मग फेब्रुवारीतच का नाही काढलीत? आत गेलाच होता ना? माणसाला दोनदा टेबलावर झोपवायचा धंदा आहे का हा?"

बाहेर बसलेली माणसं वाकून बघायला लागली. डॉक्टरीणबाईंनी फाइल उघडली आणि तो सहीचा कागद माझ्यापुढे ठेवला.

मी म्हटलं, "तुम्ही जास्त जोर लावायला हवा होता."

"दोनदा सांगितलं होतं, काकू."

"तिसऱ्यांदा सांगायचं!"

रस्त्यात हे हसले, म्हणून त्यांच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. वहीची मागची पानं काढून बघितली. तिथं सगळं आहेच, माझ्याच अक्षरात. माणसानं राग लिहून ठेवू नये, तो साक्षीदारासारखा उलटतो. पण तरीही. शिकलेली बाई आहे, तिला माझ्यासारखीला गप्प करता येऊ नये?

१७ ऑक्टोबर

लेन्सचं ऑपरेशन झालं. ह्या वेळी अर्ध्या तासात बाहेर. उताणं पडायचं नाही. नव्या थराला धक्का बसला का ते महिन्याभरात कळेल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळा आता स्थिर आहे, मापं अचूक मिळाली. तुमच्या कामाच्या अंतरावर, हातभरावर, नजर लागेल अशीच लेन्स टाकलीय. लांबचं बघायला चष्मा लागेल.

मी म्हटलं, "लांबचं बघायला हे आहेत."

१९ नोव्हेंबर

लिहायचंय, पण कुठून?

सकाळी दवाखान्यात लांबचा चष्मा लावून सातवी ओळ वाचली. नवा थर शाबूत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुई धरा. बाहेर नकाशेवाले भेटले. त्यांचीही सातवीच. फक्त त्यांचा नंबर चुकला. लांबचा डोंगर दिसतो, पण कागदावरची रेघ जाड भिंगाशिवाय दिसत नाही. बिचाऱ्याचं कामच ते. म्हणजे वाट दोघांची वेगळी आणि मुक्काम एकच. मला वाटलं होतं, मी जिंकले तर आनंद होईल, हरले तर राग येईल. बरोबरी झाली, तर काय करायचं हेच कळेना.

तशीच दुकानात गेले. वकीलबाईंचा काळा कोट आला होता. बाही खिळ्याला लागून फाटलेली. म्हटलं, आधी माझं जुनं काम बघू, नव्या डोळ्यानं. दोन वर्षांपूर्वी ह्याच कोटाला खिशाच्या वर जळकं भोक पडलं होतं.

पुढून सापडेना. खिडकीपाशी नेला, तरी सापडेना. मनात म्हटलं, वा गं बाई, काय हात आहे तुझा. मग कोट उलटा केला आणि अस्तर सोडवलं.

मागच्या बाजूला हात लपत नाही. मी धाग्याची टोकं नखाएवढी मोकळी सोडते, आयुष्यभर तशीच सोडत आले. इथं टोकं आत वळवून जिरवलेली. असं फक्त एकच बाई करते. तिला मीच रागावायचे, कशाला वेळ घालवतेस म्हणून.

आणि रफूच्या भोवती बारीक बारीक भोकं. कापड विसरत नाही. जिथून धागा घालून पुन्हा ओढून काढलाय, तिथं भोक राहतं. म्हणजे आधी एक रफू होता, तो उसवलाय. त्या भोकांवरून बोट फिरवलं तर तो रफूही दिसला. कापडाची वीण उजवीकडे तिरपी आणि हा गेलेला डावीकडे. नवशिकी पोरगीसुद्धा असं करणार नाही. तो माझा होता.

फळीवर तयार कपडे होते. एक शाल, दोन पँटी, एक लोकरी टोपी. माझी कामं. सगळी उलटी करून बघितली. सगळ्यांना भोकं. सगळ्यांची टोकं जिरवलेली.

धाकटी दारात उभी होती. मी ओरडले, "किती दिवस?"

"ताई, बसा आधी."

"किती दिवस म्हणते मी!"

"तीन वर्षं."

"आठ वाजता येऊन हेच करत होतीस? माझं उसवत होतीस?"

"हो."

"आणि ह्यांना माहीत होतं?"

ती आत आली आणि उलटे कपडे सुलटे करायला लागली. म्हणजे माहीत होतं. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून मला मध्ये उभं केलं आणि सगळे भोवती टाळ्या वाजवत होते. मी म्हटलं, "माझ्या तोंडावर सांगायला तुझी जीभ झडली होती? मला वेडी ठरवलंत! अख्ख्या गावासमोर मिरवत होते मी, हात तोच आहे म्हणून!"

तेव्हा तिचा आवाज चढला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

"सांगितलं होतं! पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, ताई, एका कोटाची वीण चुकलीय म्हणून. तुम्ही तो कोट माझ्या अंगावर फेकलात. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणालात. तुझ्या नवऱ्यामागं तुला ठेवून घेतलं ते माझे दोष काढायला नाही, म्हणालात. आठवतं?"

मला आठवत नव्हतं. आताही आठवत नाही. पण शब्द माझेच आहेत, ओळखू येतात.

"मग काय करायचं होतं मी? गिऱ्हाइकांना तसंच द्यायचं? दुकान बंद पडलं असतं. दुसऱ्यांदा सांगितलं असतं तर तुम्ही सुई टाकली असती, नाहीतर मला घराबाहेर काढलं असतं. पहाटे उठून तुमचं उसवायचं, नवं भरायचं, आणि अकरा वाजता तुमच्या शिव्या खायच्या, तीन तास काय करतेस म्हणून! हे करत होते! हे!"

आणि तिनं ती टोपी माझ्या अंगावर फेकली.

मी घरी आले. ह्यांना म्हटलं, "तुम्ही पण?" ते म्हणाले, "मी तिला म्हटलं होतं, डोळा बरा झाला की तिचं तिला दिसेल." मी ताट सरकवून दिलं.

२३ नोव्हेंबर

चार दिवस दुकानात गेले नाही. धाकटी जाते, येते, स्वयंपाक करते, माझ्याशी बोलत नाही. मीही नाही. हे मध्ये बसून दोघींच्या ताटात वाढतात.

कुणावर रागावू तेच ठरत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. धाकटीनंही सांगितलं होतं. मला सगळ्यांनी सांगितलं होतं. मग दिसलं का नाही? डोळा तर दुपारी निवळायचा.

आज धाकटीचे हात बघितले, पोळ्या लाटत होती तेव्हा. तर्जनीच्या टोकाला सुईचा घट्टा पडलाय, माझ्यासारखाच. तिच्या कानाजवळचे केस पांढरे झालेत. कधी झाले? मी हिच्या समोर रोज बसत होते.

२६ नोव्हेंबर

आज आठ वाजता तिच्याबरोबर निघाले. कुलूप तिनं काढलं. कोट तसाच पडला होता, बाहीचं काम राहिलेलं. वकीलबाई दुपारी नेणार होत्या. मी उचलला. आतल्या शिवणीतून चार धागे ओढले, सुईत ओवले. एका फटक्यात ओवले गेले. किती वर्षांनी! उभे धागे घातले, मग आडवे. कापडाचा एकेक धागा दोरखंडासारखा दिसत होता. दोन वर, दोन खाली. तास गेला असेल. मला वाटलं, जमलं.

कोट तिच्यापुढे टाकला. म्हटलं, "बघ."

तिनं खिडकीपाशी नेला. उलटा केला, सुलटा केला. बोटानं चाचपला. मला माहीत होतं आता काय म्हणेल. छान झालाय, ताई.

"सुरुवात चांगलीय," ती म्हणाली. "तिसऱ्या ओळीपासून एक धागा सुटलाय, मग सगळी वीण सरकली. उसवा."

माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. बत्तीस वर्षं सुई धरलीय मी. हिला सुई धरायला शिकवलं ते मी. तोंडावर आलं होतं बरंच काही. तिलाही दिसलं असणार, कारण कोट तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, मी फेकेन म्हणून.

मी हात पुढे केला. कोट घेतला, उजेडात धरला. तिसरी ओळ. सुटलेला धागा.

होता.

मनातल्या मनात तिला ठेवणीतल्या चार शिव्या घातल्या आणि उसवायला बसले.